विमानातलं स्टेशन आपोआप लागतं, पण ऐकणार कोण?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत आपल्या जिल्ह्यातल्या एका पोराच्या पायलट होण्यावर लेख आला होता. वाचून बरं वाटलं, पोराचं कौतुकच आहे, पण त्यात मधेच एक वाक्य होतं की आता विमानात सगळं ऑटोमॅटिक असतं, रेडिओसुद्धा आपोआप लागतात, पायलटने फक्त लक्ष ठेवायचं. आणि मग मंगळवारी त्याच्यावर एका वाचकाचं पत्र, की असं असेल तर ती जमिनीवरची जुनी रेडिओ स्टेशनं सरकार कशाला पोसतंय, जीपीएस आहे ना, बंद करा आणि तो पैसा रस्त्याला लावा. रस्त्याचं म्हणणं मान्य, मुंबई-गोवा हायवेबद्दल कोकणातल्या माणसाला कोणी काय सांगायचं. पण रेडिओचं जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका.

मी ३१ वर्षं मुंबईत एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये रेडिओवाला होतो. पायलट नाही, इंजिनवाला नाही, आम्हाला तिथे सगळे रेडिओवालेच म्हणायचे. विमानातल्या रेडिओच्या काळ्या पेट्या काढायच्या, तपासायच्या बेंचवर लावायच्या, परत रॅकमध्ये सरकवायच्या, अँटेना, केबल, हेडफोन, कॉकपिटमधले ते नंबरचे खटके, हे आमचं. आता रिटायर होऊन वेंगुर्ल्यात असतो आणि वरून विमान गेलं की अजून मान वर जाते, बायको म्हणते आता तरी पुरे.

तर आधी रेडिओ लावायचा म्हणजे काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं पायलटचा रेडिओ म्हणजे टॉवरशी बोलायचा. तो वेगळा. हा जो विषय आहे तो दिशा आणि अंतर दाखवणाऱ्या रेडिओचा. जमिनीवर ठिकठिकाणी व्हीओआर नावाची स्टेशनं असतात, १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या मधे, म्हणजे तुमचा एफएम जिथे संपतो तिथून पुढे. मुंबईच्या व्हीओआरचं नाव बी-बी-बी. ते स्टेशन दोन सिग्नल सोडतं, दोन्ही सेकंदाला ३० वेळा झुलणारे, एक सगळ्या दिशांना सारखा आणि दुसरा दिशेप्रमाणे मागेपुढे होणारा. विमानातली पेटी त्या दोघांत किती फरक पडला ते मोजते आणि सांगते की बाबा तू स्टेशनपासून अमुक डिग्रीवर आहेस. बस. अंतर त्यात कळत नाही. अंतरासाठी डीएमई, त्याच्याकडे पुढे येतो. आणि उतरताना आयएलएस, रनवेची मधली रेघ आणि उतरायचा कोन दाखवणारं. त्यात गंमत अशी की पायलट एकच नंबर लावतो, १०८.१ ते १११.९५ मधला, आणि त्या एका नंबरामागे उतरायच्या कोनाचा सिग्नल जो ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास असतो तो आपोआप लागतो, डीएमई असेल तर तोही लागतो. म्हणजे थोडंसं ऑटोमॅटिक तर पहिल्यापासूनच होतं.

पूर्वी हे नंबर हाताने लावायचे. पायलट दोघांच्या मधे जो पॅनेल असतो त्याच्यावर एकात एक बसवलेले दोन खटके, मोठ्याने पॉइंटच्या आधीचा आकडा, छोट्याने नंतरचा. दिल्लीला जाताना एक स्टेशन मागे पडलं की पुढचं लाव, मग त्याच्या पुढचं, दर थोड्या वेळाने डोकं खाली. आणि लावलं की व्हॉल्यूम वाढवून ऐकायचं, कारण प्रत्येक स्टेशन आपलं नाव मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड टोल्यांच्या भाषेत, सतत सांगत असतं. मुंबईचं म्हणजे डाऽ-डिडिडिट, डाऽ-डिडिडिट, डाऽ-डिडिडिट. माझ्या पोराला लहानपणी झोपवताना मी हेच म्हणायचो, बायकोला वाटायचं बाबाला वेड लागलं.

हे नाव ऐकणं म्हणजे काय हे आपल्याकडे समजायला सोपं आहे. रत्नागिरीची बत्ती, जयगडची बत्ती, देवगडची बत्ती, प्रत्येकीचा लुकलुकायचा ठेका वेगळा असतो की नाही, रात्री समुद्रात माणूस नुसता उजेड बघून वळत नाही, तो आधी मोजतो, ही कुठली बत्ती. व्हीओआरचं तसंच. काटा कुठे दाखवतोय हे नंतर, आधी हे स्टेशन कोणाचं ते ऐक. कारण एकच फ्रिक्वेन्सी लांबलांबच्या दोन स्टेशनांना दिलेली असते, आणि स्टेशनवर दुरुस्तीचं काम चालू असेल तर ते नाव सांगणं बंद करतात किंवा नावाऐवजी टी-एस-टी, म्हणजे टेस्ट, असं वाजवतात, सिग्नल मात्र येत असतो आणि काटा हलत असतो. काट्याला काय, तो कोणाच्याही मागे जातो.

एडीएफ नावाची आणखी एक जुनी दिशा दाखवणारी पेटी असते, तिच्याबद्दल दोन शब्द, कारण तिचा काटा तर फारच भाबडा. तो एनडीबी नावाच्या साध्या स्टेशनकडे तोंड करतो, १९० ते १७५० किलोहर्ट्झ, म्हणजे त्यात आपली मीडियम वेव्हची आकाशवाणीही येते. आम्ही हँगरमध्ये पटकन चेक करायला आकाशवाणीच लावायचो, काटा बरोबर त्यांच्या टॉवरकडे वळायचा आणि वर हेडफोनवर बातम्या किंवा क्रिकेटची कॉमेंट्री फुकट. पण हाच काटा मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की विजेकडे वळतो, आणि किनाऱ्यावर तर आणखी एक घोळ, जमिनीवरून समुद्रावर जाताना ती लहर वाकते आणि काटा थोडा खोटं दाखवतो. किनाऱ्याच्या तिरकं उडालं की जास्त. आता ही स्टेशनं बरीच कमी झालीत आणि त्याबद्दल मला फारसं दुःख नाही.

आता ऑटोमॅटिक. आपल्या देशात १९८९ साली एअरबसची ए-३२० विमानं आली तेव्हा आम्ही बेंचवाले पहिल्यांदा आत चढलो तर खटके शोधतोय, खटकेच नाहीत. कीबोर्ड आणि छोटा स्क्रीन. रेडिओचं पान उघडायचं, तिथे कॉम्प्युटरने स्वतःच स्टेशनं लावलेली, आणि जे त्याने स्वतः लावलंय ते बारीक अक्षरात, जे पायलटने हाताने टाकलंय ते मोठ्या अक्षरात. मला ही बारीक-मोठ्या अक्षरांची आयडिया तेव्हाही आवडली होती, अजूनही आवडते. एका नजरेत कळतं कोणी लावलंय. बोइंगच्या ७४७-४०० मध्ये नंबरापुढे एक अक्षर येतं, ए असेल तर ऑटो, एम असेल तर मॅन्युअल. कीबोर्ड बंद पडलेच तर ए-३२० मध्ये बोलायच्या रेडिओच्या पॅनेलवर झाकणाखाली एक बटण असतं, ते दाबलं की परत हाताने लावायची सोय. म्हणजे ज्यांनी ऑटोमॅटिक बनवलं त्यांनीच हाताने लावायची वाट ठेवलीय, झाकणाखाली का होईना.

पण खरी गंमत जी लोकांना माहीत नसते ती डीएमईत आहे आणि ती सांगितल्याशिवाय आपल्या कोकणचा मुद्दा कळणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

डीएमई म्हणजे विमान हाक मारतं आणि जमिनीवरचं स्टेशन ओ देतं. हाक म्हणजे दोन टोले जवळजवळ, साधारण १००० मेगाहर्ट्झवर. स्टेशन ऐकतं, ५० मायक्रोसेकंद मुद्दाम थांबतं आणि उत्तर देतं. एक सागरी मैल जायला-यायला मिळून १२.३६ मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा एकूण वेळेतून ५० वजा केले की अंतर आलं. आता आकाशात एका वेळी ५०-१०० विमानं हाका मारतायत आणि स्टेशन सगळ्यांना एकाच फ्रिक्वेन्सीवर ओ देतंय, मग आपली ओ कुठली? तर प्रत्येक विमान आपल्या हाकांमधलं अंतर मुद्दाम वेडंवाकडं ठेवतं. आंगणेवाडीच्या जत्रेत आई पोराला हाक मारते तेव्हा हजार आवाज असतात, पण तिच्या हाकेच्या ठेक्याला जुळून येणारी ओ तिलाच कळते, तसं. ज्याने हे पहिल्यांदा डोक्यात आणलं असेल त्याला माझा नमस्कार. आणि एक लक्षात ठेवा, हे अंतर तिरकं असतं. ३६००० फुटावरून अगदी डोक्यावरून गेलात तरी पेटी शून्य दाखवत नाही, सहा मैल दाखवते, कारण तुम्ही सहा मैल उंच आहात. बेंचवर नवीन आलेल्या पोरांना आम्ही हा प्रश्न टाकून फसवायचो.

तर कॉम्प्युटर काय करतो, पायलटला न विचारता, न दाखवता, दोन डीएमई निवडतो, दोघांपासूनचं अंतर घेतो, दोन वर्तुळं काढतो आणि ती जिथे कापतात तिथे आपण. वर्तुळं दोन ठिकाणी कापतात, पण आपण मगाशी कुठे होतो हे त्याला माहीत असतं म्हणून दुसरा बिंदू टाकून देतो. हे सारखं चालू असतं, स्टेशनं बदलत बदलत. माणसाच्या हाताने हे शक्यच नाही, तेव्हा ऑटोमॅटिक वाईट असं म्हणणारा मी नाही हे आधीच सांगतो. पण दोन वर्तुळं नीट कापायला हवीत. दोन्ही स्टेशनं एकाच दिशेला असली किंवा एक बरोब्बर पुढे आणि एक बरोब्बर मागे असलं तर वर्तुळं एकमेकांना कापत नाहीत, घासतात, आणि घासली की उत्तर लांबट पसरतं. म्हणून कॉम्प्युटर अशी जोडी शोधतो की विमानापासून त्यांच्यातला कोन ३० ते १५० डिग्रीच्या मधे येईल.

आता नकाशा घ्या आणि आपला किनारा बघा. मुंबईहून गोव्याला निघालं विमान, मागे मुंबई, पुढे गोवा, कोन जवळजवळ १८०. उजव्या हाताला काय? अरबी समुद्र. तिथे कोण स्टेशन लावणार, माशे? म्हणजे जे काही चांगलं स्टेशन मिळणार ते डाव्या हाताला घाटावरचं. विमान उंच आहे तोवर ठीक, हा रेडिओ सरळ रेषेत जातो, ३६००० फुटावर सव्वादोनशे सागरी मैलांपर्यंत दिसतं. पण उतरायला लागलं की सह्याद्री मधे येतो आणि घाटावरची स्टेशनं एकेक करून डोंगराआड जातात. आपला किनारा दिसायला सुंदर, पण रेडिओवाल्याच्या दृष्टीने अर्धा रिकामा. म्हणून इथलं एखादं स्टेशन बंद करा म्हणणाऱ्याने आधी ते विमानातल्या कॉम्प्युटरच्या जोडीत कुठे बसतं ते बघावं.

माझा मामा होडी घेऊन जायचा. पोरगा होतो, एकदा बरोबर गेलो. त्याला जाळं टाकायची जागा कशी सापडते हे मला कळेना, सगळीकडे पाणीच पाणी. मी म्हटलं मामा, तो मोचेमाडकडचा डोंगर दिसतोय की, त्याच्याकडे बघून चालव. तो हसला, म्हणाला, "एका खुणेर जागा गावणा नाय रे, दोन व्हयेत, आणि दुसरी बाजूक व्हयी." बत्ती आणि माड एका रेषेत आणायचे आणि बाजूला डोंगराचं नाक कशावर येतं ते बघायचं. पुढे ट्रेनिंगला डीएमईची जोडी शिकवली तेव्हा मास्तरांनी फळ्यावर पाऊण तास घेतला, मला मामाचं एक वाक्य आठवलं आणि झालं. आता मामाचा नातू ट्रॉलरवर जीपीएस लावून जातो, जागा बरोबर मिळते, पण मशीन बंद पडलं की सरळ किनाऱ्याकडे येतो, त्याला खुणा माहीत नाहीत. त्याला दोष नाही, कोणी शिकवल्याच नाहीत.

हाताने लावण्यात चुका व्हायच्याच, ते मी लपवत नाही. ११३ च्या जागी ११६ लागला, खटका अर्धवट फिरला, मागचं स्टेशन बदलायचं राहिलं. आणि नुसतं हाताने लावत होते म्हणून लोक जास्त सावध होते असंही नाही. १९६२ च्या जुलैत अलिटालियाचं डीसी-८ रात्री मुंबईला उतरायला येताना जुन्नरजवळ डोंगरावर आदळलं, ९४ माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं की पायलटला वाटलं आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो, म्हणून लवकर खाली आला, आणि आपण नक्की कुठे आहोत हे ताडून बघायला ज्या रेडिओच्या सोयी होत्या त्या त्याने वापरल्या नाहीत. १९६६ च्या २४ जानेवारीला एअर इंडियाचं बोइंग ७०७ आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगरावर आदळलं, ११७ जण, त्यात आपले होमी भाभा. त्या विमानाचा एक व्हीओआर बैरुतहून निघतानाच बंद होता. दोन व्हीओआर असले की दोन रेषा काढून त्या जिथे कापतात तिथे आपण असं ताडता येतं, एकावर ते एकदम जमत नाही. कॅप्टनने डोंगराच्या मानाने आपली जागा चुकीची धरली, रडारवाल्याने दुरुस्त करायला जे सांगितलं ते नीट पोचलं नाही. हँगरमध्ये आमचे जुने साहेब टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तक्रारींच्या वहीत, कोणी "व्हीओआर नंबर दोन बंद, चालवून घ्या" असं लिहिलं की हे आठवण करून द्यायचे. एक आहे की, असं म्हणायची सोय नव्हती.

आणि ऑटोमॅटिकच्या चुका वेगळ्या. १९९५ चा डिसेंबर, कोलंबियातलं काली, अमेरिकन एअरलाइन्सचं ७५७. पायलटला रोझो नावाच्या बीकनकडे, म्हणजे एनडीबीकडे, जायचं होतं, चार्टवर त्याची खूण आर. त्याने कॉम्प्युटरमध्ये आर टाकलं. कॉम्प्युटरच्या यादीत मात्र आर म्हणजे रोमिओ, बोगोटा शहराजवळचं दुसरंच बीकन, आणि रोझो वेगळ्याच नावाने ठेवलेलं. कॉम्प्युटरने सांगितलं ते केलं, विमान रात्रीच्या अंधारात डावीकडे वळलं, डोंगर तिथेच होते. १६३ पैकी चार वाचले. मशीन बिघडलेलं नव्हतं, पायलटही शिकलेले होते. फक्त नाव एक आणि ठिकाण दुसरं, आणि ते बघायला जो एक क्षण लागतो तो घाईत निघून गेला. ह्या याद्या दर २८ दिवसांनी बदलतात बरं का, आमच्यापैकी कोणीतरी फ्लॉपींचा गठ्ठा घेऊन विमानात जाऊन बसायचा आणि एकेक घालत राहायचा, सातव्या फ्लॉपीला एरर आला की परत पहिल्यापासून. तेव्हा ऑटोमॅटिकच्या मागेसुद्धा कोणीतरी घामाघूम बसलेला असतो.

एक माझ्या डोळ्यांदेखतचं सांगतो. नव्वदच्या दशकात आम्हाला कधीकधी आखाताच्या फ्लाइटला बरोबर पाठवायचे, तिकडे काही बिघडलं तर दुरुस्त करायला. मी कॉकपिटमध्ये मागच्या सीटवर. उतरायची वेळ आली आणि वारा फिरला, टॉवरने रनवेचं दुसरं टोक दिलं. को-पायलटने कीबोर्डवर रनवे बदलला, कॉम्प्युटरने नवीन आयएलएस लावला, सगळं आपोआप, दहा सेकंदात. आता तिथे दोन्ही टोकांच्या आयएलएसचा नंबर एकच होता, बऱ्याच ठिकाणी असा असतो, एका वेळी एकच टोक चालू ठेवतात. स्क्रीनवर नंबर बरोबर, लोकलायझरचा, म्हणजे रनवेची मधली रेघ दाखवणारा, काटा जिवंत, सिग्नल नसल्याचा लाल फ्लॅग नाही. को-पायलट खूष. कॅप्टनने काही न बोलता व्हॉल्यूमचं बटण फिरवलं आणि हेडफोन कानावर दाबून धरला. मीही मागून ऐकलं. चार अक्षरं आली ती जुन्या टोकाची. म्हणजे खाली त्यांनी अजून बदललंच नव्हतं आणि आम्ही पाठीमागून येणारा सिग्नल पकडून बसलो होतो. कॅप्टनने टॉवरला विचारलं, तिकडून जरा गप्प, मग सॉरी, मग अर्ध्या मिनिटाने कानात दुसरं नाव सुरू झालं. तेवढंच. ना धोका, ना बातमी, कुठल्या वहीत नोंद नाही. उतरल्यावर को-पायलट मला म्हणाला, काका, नंबर तर बरोबर होता ना? नंबर बरोबरच होता रे.

आता नवीन विमानांत हे मोर्स कॉम्प्युटर स्वतः ऐकतो आणि स्क्रीनवर अक्षरं लिहितो, अक्षरं नाही ओळखता आली तर नुसता नंबर दाखवतो. चांगली सोय आहे, पण अक्षरं आहेत की नंबर आहे हे वाचायचं काम तरी कोणाचं? आणि नाव बरोबर असलं तरी काम संपत नाही. २००० साली सामोआत एअर न्यूझीलंडचं ७६७ रात्री उतरत होतं, आयएलएसचं नाव बरोबर ऐकू येत होतं, उतरायच्या कोनाचा काटा बरोबर मधे, हलायलाच तयार नाही, कारण जमिनीवरच्या मशीनमध्ये बिघाड होता आणि तो सिग्नल कुठूनही मधेच दाखवत होता. पायलटच्या लक्षात आलं ते अंतर आणि उंची जुळत नाही म्हणून, आणि बेटावरचे दिवे फार जवळ दिसले म्हणून. पाण्यापासून चारशे फुटांच्या आत आलेलं विमान वर उचललं, सगळे वाचले. अंतर कशावर दिसत होतं? डीएमईवर. ज्या जुन्या पेट्या बंद करा म्हणतायत त्यातलीच एक.

पत्रलेखकांचा जीपीएसचा मुद्दा राहिला. जीपीएस उत्तमच आहे, त्याला आणखी अचूक करणारी आपली गगन यंत्रणा आहे, २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडिगोचं एटीआर विमान त्याच्यावर राजस्थानात किशनगडला उतरलंय, पुढे कोकणातल्या छोट्या विमानतळांना त्याचा फायदाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जीपीएसचा सिग्नल वरून २०००० किलोमीटरवरून येतो, इथे पोचेपर्यंत कुजबुजीएवढा उरतो, आणि खाली कोणी मोठ्याने खोटं बोलायला लागलं की विमान त्याचं ऐकतं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ एवढ्या काळात आपल्या सीमाभागात, जास्त करून अमृतसर आणि जम्मूकडे, असे ४६५ प्रकार झाल्याचं सरकारनेच संसदेत सांगितलंय. तेव्हा पायलट काय करतो, जीपीएसला ऐकू नको असं कॉम्प्युटरला सांगतो, मग कॉम्प्युटर परत त्या दोन डीएमईंच्या वर्तुळांवर येतो, ते नसतील तर व्हीओआर आणि डीएमईवर, आणि तेही नसलं तर विमानाची हालचाल मोजणाऱ्या नुसत्या आतल्या जायरोवर, जो तासाला मैल-दोन मैल सरकत जातो. अमेरिकेनेसुद्धा व्हीओआर कमी केले, पण सगळे नाही, जीपीएस गेलं तर १०० सागरी मैलांच्या आत उतरायला एखादं ठिकाण मिळेल एवढे मुद्दाम ठेवलेत. त्यांच्याकडे पैसा कमी आहे म्हणून नाही.

हाताने लावण्याचा आणखी एक अर्थ आहे जो लेखात कोणी लिहिला नाही. एखादं स्टेशन खराब आहे अशी सूचना आली तर पायलट त्याचं नाव टाकून कॉम्प्युटरला सांगतो की याला जोडीत घेऊ नकोस. म्हणजे लावायचं नाही, काढायचं. आता ही सूचना निघाल्याशिवाय पायलटला कळणार कसं, आणि स्टेशनवर माणूसच नसेल तर सूचना काढणार कोण? आमच्या बाजूनेही तेच. एका पावसाळ्यात एका विमानाची सारखी तक्रार, व्हीओआर नंबर दोन मधेच जातो. पेटी बदलली, परत तेच. दुसरी बदलली, परत तेच. शेवटी रात्री क्रेनवर चढून शेपटीच्या टोकाशी अँटेनाचं कनेक्टर उघडलं तर आत चमचाभर पाणी. मुंबईचा जुलै. फुंकर मारून, सुकवून, सील करून खाली आलो तेव्हा उजाडलं होतं. कॉम्प्युटर काय करत होता तोपर्यंत? तो शहाणा, नंबर दोन गेला की गुपचूप दुसरीकडून काम भागवत होता, म्हणून तर पायलटांना तक्रार लिहायला चार दिवस लागले. खटक्याच्या जमान्यात पहिल्या दिवशी ओरडले असते.

तेव्हा संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की "रेडिओ आपोआप लागतात" याच्यापुढे "आणि पायलट ते तपासतो" एवढे चार शब्द पुढच्या रविवारी कुठेतरी छापा, कोपऱ्यात छापले तरी चालतील. आणि ज्या रिपोर्टरने लेख लिहिला त्याला माझ्याकडे पाठवा. माझ्याकडे जुना हेडफोन आहे, मोर्सचा ठोकायचा खटका आहे, अर्ध्या तासात मुंबईचं नाव कानाने ओळखायला शिकवतो. दुपारी येऊ नको म्हणावं, आमच्याकडे दुपारी लाइट नसते.

आपला,
एक रिटायर रेडिओवाला
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग